कॅमेरा गळ्यात, फोटो बेल्टवर

शून्य तास म्हणजे बुधवार, १७ एप्रिल २०२४, दुबईत पहाटेचे चार. कांजूरमार्गात तेव्हा साडेपाच वाजलेले असतात आणि रामनवमी उजाडत असते. दुबई विमानतळाच्या एका काउंटरवर राखाडी रंगाची सूटकेस बेल्टवर चढते आणि रबरी पट्ट्यांच्या पडद्याआड जाते. पुढे येणारा पाऊस, विमानं, विमानतळाचे आदेश आणि बॅगांचे ढीग खरे आहेत. सूटकेस आणि तिचं कुटुंब मी घडवलेलं आहे, कारण मागे राहिलेल्या बॅगांचा आकडा जाहीर होतो, त्यांच्या आत काय होतं ते होत नाही.

कुटुंब असं: कांजूरमार्ग पूर्वेला राहणारे आई-बाबा, मार्चच्या २६ तारखेला दहावीच्या परीक्षेतून सुटलेली मुलगी आणि पहिल्यांदाच विमानात बसणारी आजी.

१०८ तास आधी. शुक्रवार, १२ एप्रिल, संध्याकाळी साडेपाच, कांजूरमार्ग

पाडवा होऊन तीन दिवस झालेत. पलंगावर कॅमेरा, दोन लेन्स, ट्रायपॉड, दोन जादा बॅटऱ्या, पॉवर बँक आणि एका निळ्या पाऊचमध्ये चार्जर, वायरी, कार्ड रीडर आणि दोन टीबीची हार्ड डिस्क. कॅमेरा फोर्टातल्या बोरा बाजारात घासाघीस करून घेतलेला. मुंबईच्या दमट हवेत लेन्सला बुरशी लागते म्हणून तो एरवी हवाबंद डब्यात, सिलिका जेलच्या पुड्यांसोबत राहतो. घरात इतके लाड दुसऱ्या कुठल्याच वस्तूचे होत नाहीत.

बाबांनी नियम वाचले आहेत. सुट्या लिथियम बॅटऱ्या आणि पॉवर बँक सामानाच्या बॅगेत टाकायच्या नाहीत, हातातच ठेवायच्या. १०० वॉट-अवरपर्यंत परवानगी लागत नाही. त्यांची पॉवर बँक २०,००० एमएएचची, म्हणजे ७४ वॉट-अवर. हा हिशेब त्यांनी कागदावर मांडून मुलीला समजावूनही सांगितला. हिशेब बरोबर आहे.

कार्ड मात्र एकच, ६४ जीबीचं. जुनं आठ जीबीचं ड्रॉवरमध्ये पडलं आहे.

"अजून एक घ्यायचं का, बाबा?"

"कशाला? रोज रात्री डिस्कवर उतरवायचे. डिस्क कशाला नेतोय मग?"

लॅपटॉप बाबांच्या ऑफिसचा. त्यात घरचे फोटो ठेवायला मनाई आहे, त्यामुळे तो फक्त पुलासारखा वापरायचा: कार्डातून थेट डिस्कवर. छायाचित्रकारांमध्ये पीटर क्रोग या अमेरिकन फोटोग्राफरने रूढ केलेला एक नियम आहे: तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या माध्यमांवर, त्यांतली एक दुसऱ्या जागी. या बेतात कार्ड आणि डिस्क मिळून दोन प्रती होतात, त्याही कार्ड पुसलं जाईपर्यंतच, आणि दोन्ही एकाच हॉटेलच्या खोलीत. तरी घरोघरी जे चालतं त्यापेक्षा हे पुष्कळ बरं आहे, हेही सांगायला हवं.

१०४ तास आधी. शुक्रवार, रात्री साडेनऊ, मुंबई विमानतळ, टर्मिनल २

जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोडवर मेट्रो सहाच्या खांबांमधून वाट काढत टॅक्सी पवई ओलांडून पोहोचली. काउंटरवर हातातली बॅग काट्यावर ठेवायला सांगितली. मर्यादा सात किलो, काटा दाखवतो ९.४.

माझ्या मते अनर्थ इथे ठरला. पाऊस अजून चार दिवस लांब आहे.

मागे रांग आहे, आजी एका पायावरून दुसऱ्या पायावर भार टाकत उभी आहे. काय काढायचं? कॅमेरा नाही, महाग आहे. लॅपटॉप नाही, ऑफिसचा आहे. बॅटऱ्या काढता येत नाहीत, नियम आहे. ट्रायपॉड निघाला, जादा बूट निघाले आणि त्यांच्यासोबत निळं पाऊच निघालं. पाऊचमधली डिस्क जेमतेम दोनशे ग्रॅमची. तिने काट्यावर काहीच फरक पडला नसता, पण ती चार्जरच्या शेजारी होती म्हणून चार्जरच्या सोबतीने गेली.

१९१५च्या नोव्हेंबरमध्ये अंटार्क्टिकाजवळच्या बर्फावर अशीच वजनाची वेळ फ्रँक हर्लीवर आली होती. शॅकल्टनचं 'एन्ड्युरन्स' जहाज बर्फात चिरडलं गेलं होतं आणि माणसागणिक सामान मोजून न्यायचं होतं. हर्ली आणि शॅकल्टन काचेच्या निगेटिव्हांचा ढीग घेऊन बसले. साधारण सव्वाशे ठेवल्या, चारशेच्या आसपास तिथेच फोडल्या, म्हणजे नंतर मन बदलायची सोय उरू नये. हर्लीने आपले मोठे कॅमेरेही सोडले. खिशात मावणारा एक कोडॅक आणि फिल्मची तीन रिळं तेवढी घेतली. कॅमेरे टाकून फोटो वाचवणारा माणूस! आपण सगळे नेमकं उलटं करतो, कारण कॅमेऱ्याचं बिल असतं. महागडा कॅमेरा परदेशी नेताना कस्टमकडून प्रमाणपत्र घेता येतं, परत येताना त्यावर शुल्क लागू नये म्हणून. जाणते लोक ते घेतातही. कॅमेऱ्यासाठी कागद आहेत.

डिस्क दुबईला सुखरूप पोहोचली. हे फार वाईट झालं. एकदा निभावलं की तीच पद्धत होते.

७७ तास आधी. शनिवार, १३ एप्रिल, रात्री अकरा, देरा, दुबई

बुर्ज खलिफा, कारंजी, अब्रा नावाच्या होडीतून खाडी. मुलीने एका दिवसात आठशे फोटो काढले, रॉ फाइलमध्ये, वीस जीबी. कार्डातून डिस्कवर उतरवले. मग तिला वाटलं, हेच इंटरनेटवरही चढवावेत. हॉटेलच्या वायफायवर चार एमबीपीएसचा वेग मिळत होता. वीस जीबीला अकरा तास. शिवाय गूगलवरच्या फुकटच्या पंधरा जीबीत ते मावणारही नव्हते. सोडून दिलं.

त्याऐवजी कॅमेऱ्याच्या अ‍ॅपने निवडक फोटो फोनवर घेतले आणि सोसायटीच्या ग्रुपवर टाकले. अशी बरीच अ‍ॅपं आपसूक दोन मेगापिक्सेलची लहान प्रत पाठवतात. फोनच्या पडद्यावर ती छानच दिसते. घरी व्हॉट्सअ‍ॅप कॉल लावायला गेले तर लागेना. अमिरातीत तो बंद असतो, मेसेज आणि फोटो मात्र जातात.

त्या रात्री हॉटेलमधल्या टीव्हीवर सगळे वेगळंच बघत होते. इराणने इस्रायलवर ड्रोन आणि क्षेपणास्त्रं सोडली होती, जॉर्डन आणि इराकने आकाश बंद केलं होतं आणि दुबईची काही उड्डाणं रद्द झाली होती. आई म्हणाली, "अहो, आपलं परतीचं विमान नीट सुटेल ना?" चिंता योग्य होती, दिशा चुकली होती.

५८ तास आधी. रविवार, १४ एप्रिल, संध्याकाळी सहा, वाळवंट

आजी उंटावर बसली. म्हणजे आधी बसणार नाही म्हणाली, मग नऊवारीचा काष्टा नीट करून बसली आणि उंट उठताना एवढी हसली की उंटवालाही हसला. फोन बाबांच्या खिशात होता, कारण गाडीत ठरलं होतं की वाळवंटातले फोटो कॅमेऱ्यानेच काढायचे, उजेड चांगला असतो. उजेड खरोखरच चांगला होता. अठरा जीबी.

त्याच रविवारी शेजारच्या ओमानात पुराच्या पाण्यात शाळकरी मुलं वाहून गेली. वादळी ढगांचा तोच पट्टा अमिरातीकडे सरकत होता.

२९ तास आधी. सोमवार, १५ एप्रिल, रात्री अकरा

मॉलमध्ये दिवस गेला. मत्स्यालय, बूट, पुन्हा मत्स्यालय. वीस जीबी. डिस्कवर उतरवले. बाहेर पाऊस सुरू झाला होता. सरकारने मंगळवारी शाळा ऑनलाइन आणि कर्मचाऱ्यांना घरून काम जाहीर केलं होतं. बाबा खिडकीशी उभं राहून म्हणाले, "एवढ्याशा पावसाला सुट्टी?"

मुंबईकराचा हा गर्व मला ठाऊक आहे, कारण तो माझ्यातही आहे. २६ जुलै २००५ला सांताक्रूझच्या वेधशाळेत २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. त्याच काळात कुलाब्याला जेमतेम ७४. उपनगरातल्या माणसाला पावसाबद्दल कुणी काही शिकवू नये अशी आमची समजूत त्या दिवसापासून पक्की आहे. दुबईची गोष्ट वेगळी. विमानतळावर वर्षाकाठी सरासरी ९४.७ मिलिमीटर पडतो. एवढ्यासाठी मोठी गटारं बांधायची गरज त्या शहराला फारशी पडली नव्हती. साचलं तर टँकर येऊन उपसतात.

१९ तास आधी. मंगळवार, १६ एप्रिल, सकाळी नऊ

पावसाने जोर धरला. गाराही पडल्या. सहलीचा शेवटचा दिवस रद्द झाला, टूर मॅनेजरने निरोप दिला की सगळ्यांनी हॉटेलमध्येच थांबावं. शेख झायेद रोडवर गाड्या टपापर्यंत बुडल्याचे व्हिडिओ यायला लागले. दिवस संपेपर्यंत विमानतळावर १४२ मिलिमीटरहून जास्त पाऊस झाला, दीड वर्षाचा एका दिवसात. अल ऐनजवळ खत्म अल शकला इथे २५४.८. १९४९पासूनच्या नोंदींत एवढा पाऊस नव्हता.

ढगांवर फवारणी करून पाडलेला पाऊस आहे, ही अफवा दुपारच्या आत कांजूरमार्गला पोहोचली होती. अमिरातीच्या हवामान खात्याने वादळात फवारणी केल्याचा इन्कार केला आणि नंतर अभ्यासकांच्या गटानेही एवढ्या विस्ताराच्या पावसाला ते कारण पुरत नाही असंच सांगितलं. सोसायटीच्या ग्रुपवर मात्र प्रश्न तेव्हाच निकालात निघाला होता.

१३ तास आधी. मंगळवार, दुपारी तीन

दुपारी विमानतळाचं कामकाज पंचवीस मिनिटं थांबवावं लागलं. धावपट्टीकडे जाणारे रस्ते पाण्याखाली होते आणि त्यातून विमानं होडीसारखी पाणी कापत चालल्याची दृश्यं जगभर दिसली.

हॉटेलच्या खिडकीतून रस्त्याची नदी झालेली दिसत होती. मुलीने व्हिडिओ लावला आणि कॅमेऱ्याने सांगितलं, कार्ड भरलं. तीन दिवसांचे मिळून अठ्ठावन्न जीबी आधीच आत होते.

"बाबा, फॉरमॅट करू?"

"डिस्कवर आहेत ना सगळे?"

"आहेत."

"मग कर."

तिने डिस्क जोडून पाहिलीसुद्धा. फोल्डर होते, फोटो उघडत होते. चूक म्हणावी असं इथे कुणीच काही केलं नाही, आणि हेच या प्रकरणातलं सगळ्यात त्रासदायक आहे. देऱ्यात कोपऱ्याकोपऱ्यावर मोबाइलची दुकानं आहेत, एरवी नवं कार्ड दहा मिनिटांत आलं असतं. त्या दुपारी शटर खाली होती आणि पाणी गुडघ्यावर.

फॉरमॅट केल्याने फोटो लगेच नष्ट होत नाहीत. कार्ड फक्त आपली अनुक्रमणिका फाडून टाकतं. पानं जागेवर असतात, वरून नवीन लिहिलं जाईपर्यंत. त्यानंतर मुलीने पावसाचं चित्रीकरण केलं, फोर-के दर्जात, तुकड्यातुकड्याने, सगळं मिळून पन्नास मिनिटं. या दर्जाचा व्हिडिओ मिनिटाला पाऊण जीबी खातो. साडेसदतीस जीबी, कार्डाच्या सुरुवातीपासून.

साडेआठ तास आधी. मंगळवार, संध्याकाळी साडेसात

विमानतळाने येणारी विमानं दुसरीकडे वळवायला सुरुवात केली. जाणारी विमानं चालू राहतील, पण उशीर होईल, असं जाहीर झालं. मेट्रोची काही स्थानकं बंद पडली. त्यांतली काही पुढे महिनाभर उघडली नाहीत.

सहा तास आधी. मंगळवार, रात्री दहा

निरोप आला: पहाटेचं विमान रद्द झालेलं नाही, रात्री एकला निघायचं. आई सामान भरते आहे. खजुराचे डबे, केशर, चॉकलेटं, आजीने भावजयीसाठी घेतलेलं अत्तर. खजूर हातातल्या बॅगेत, कारण सूटकेस भरली. हातातली बॅग पुन्हा जड, म्हणून येताना काढलं होतं तेच काढलं. निळं पाऊच सूटकेसमध्ये, आजीच्या साडीच्या घडीत.

"मऊ जागी ठेवलंय हो, धक्का लागायचा नाही," आई म्हणाली.

धक्का खरंच लागला नसता.

दोन तास आधी. बुधवार, १७ एप्रिल, रात्री दोन

देरा ते विमानतळ अंतर थोडंच, तरी वळसे घेत तास लागला. आत माणसं पुठ्ठे अंथरून झोपलेली, फलकावर लाल अक्षरं, पाण्याच्या बाटल्यांसाठी झुंबड. एरवीही हा विमानतळ लहान नाही: २०२३ साली तिथून ८ कोटी ६९ लाख प्रवासी गेले, आणि त्यांत सर्वांत मोठा वाटा भारताचा, एक कोटी १९ लाख. त्या रात्री त्यांतले पुष्कळ जण एकदम आल्यासारखे वाटत होते. आजीला एका मल्याळी मुलाने खुर्ची दिली.

काउंटर उघडा होता. हे नशीब समजून सगळे धावले.

शून्य. बुधवार, पहाटे चार

हातातली बॅग ६.८ किलो. बाबांना बरं वाटलं. कॅमेरा त्यांच्या गळ्यात. सूटकेसला चिठ्ठी लागली, पावतीचा तुकडा पासपोर्टवर चिकटवला गेला, बेल्ट हलला.

कुणाला काही कळलं नाही. आजीने घड्याळ बघून विचारलं, रामजन्मापर्यंत घरी पोहोचू ना?

चार तासांनंतर. बुधवार, सकाळी आठ

एमिरेट्सने दुबईहून निघणाऱ्या सगळ्या प्रवाशांचं चेक-इन थांबवलं. आधी मध्यरात्रीपर्यंत, मग गुरुवारी सकाळी नऊपर्यंत. कर्मचारी आणि वैमानिकच रस्त्यात अडकले होते. आमच्या कुटुंबाची विमान कंपनी दुसरी. तिचं विमान फलकावर एकेक तास पुढे ढकललं जात होतं. ते अखेर सुटलं बुधवारी रात्री उशिरा. पोटात सामान किती चढलं, हे वर बसलेल्यांना समजायची सोय नसते.

गुरुवार, १८ एप्रिल, पहाट, मुंबई

पट्टा फिरत राहिला, मग थांबला. हरवलेल्या सामानाचा फॉर्म भरला. रंग राखाडी, चाकं चार, कुलूप आहे. आत काय, तर कपडे, चार्जर, हार्ड डिस्क. हे लिहून झाल्यावर मुलीचा हात थांबला. तिने आधी बाबांच्या गळ्यातल्या कॅमेऱ्याकडे पाहिलं, मग फॉर्मकडे.

पुढचं झपाट्याने सांगतो. शनिवारी २० तारखेला एमिरेट्सच्या अध्यक्षांनी खुलं माफीपत्र काढलं: तीन दिवसांत सुमारे चारशे उड्डाणं रद्द, आणि मागे राहिलेल्या तीस हजार बॅगा मालकांपर्यंत पोहोचवायच्या आहेत. या एकट्या कंपनीच्या. २३ तारखेला विमानतळाने सांगितलं की काम पूर्ववत झालं. एकूण २,१५५ उड्डाणं रद्द झाली, ११५ दुसरीकडे वळवली. पुष्कळ बॅगा पुढच्या दिवसांत घरोघरी पोहोचल्या. राखाडी आली नाही. मॉन्ट्रियल करारानुसार २१ दिवसांत बॅग आली नाही तर ती हरवली असं धरून भरपाई मागता येते; म्हणजे ८ मे. त्या वेळी कमाल मर्यादा होती माणशी १,२८८ एसडीआर (नाणेनिधीचं हिशेबी एकक), रुपयांत एक लाख चाळीस हजारांच्या आसपास. त्यात साड्या बसतात, बूट बसतात, डिस्कही बसते, बिल जोडलं तर.

मुलीने कार्ड घेऊन लॅमिंग्टन रोड गाठला. दुकानदाराने पहिला प्रश्न बरोबर विचारला: "फॉरमॅटनंतर काही शूट केलंत का?" तिने सांगितलं. त्याने तरीही कार्ड लावलं आणि सॉफ्टवेअर चालू केलं.

सोमवारचे फोटो निघाले, जवळजवळ सगळे. मत्स्यालय, बूट, पुन्हा मत्स्यालय. शनिवारचे जे ग्रुपवर टाकले होते तेवढे फोनमध्ये आहेत, दोन मेगापिक्सेलचे. मोठे करून छापायला गेलं तर आजीचा चेहरा चौकोनांत फुटतो. रविवार पूर्ण गेला. उंट, वाळू, तो उजेड, जिथे होतं नेमकं तिथे आता पन्नास मिनिटांचा पाऊस आहे. तो अप्रतिम आला आहे, थेंबन्‌थेंब दिसतो: तुंबलेला रस्ता, बंद पडलेली टॅक्सी, पँट गुडघ्यापर्यंत दुमडून चाललेली माणसं. आवाज बंद करून लावला तर जुलैतल्या एलबीएस मार्गाचं चित्रीकरण म्हणून कांजूरमार्गात सहज खपेल.